खिशातलं लिंबू

इंदापूरचा तो पेंटर गिऱ्हाइकाशी वाद घालत नसे. माझ्या शिलाईच्या दुकानाच्या हिरव्या भिंतीवर मी लाल अक्षरं मागितली, तेव्हा त्यानं एका केळीच्या पानावर लाल मिरची ठेवली आणि मला त्याच्या दुकानासमोर, रस्त्यापलीकडं उभं केलं.

"डोळं अर्धं मिटा. मिरची दिसतीया?"

नीट दिसेना. मग त्यानं खिशातलं लिंबू पानावर ठेवलं. ते लगेच उठून दिसलं. खिशात लिंबू बाळगणारा पेंटर मी दुसरा पाहिला नाही.

अक्षरं काढायला तो कळसला आमच्या घरी आला. पुढच्या खोलीतच माझं दुकान. आईची नजर अधू झालेली; काळ्या फरशीच्या तीन पायऱ्या ती माझा खांदा धरून, पायानं चाचपडत उतरायची. तो बघत राहिला. दुपारी आई पुन्हा दारात आली, तेव्हा त्यानं गुपचूप खालच्या पायरीच्या कडेला लिंबू ठेवलं.

आई वरच थबकली. "कुणी टाकलं रं लिंबू? करणीबिरणी आमी मानत न्हाय, पण उचल ते आधी!"

मी ओशाळलो. तो मात्र खूश.

"दिसलं न्हवं, आत्या? मग झालं!"

अक्षरांसाठी आणलेला पिवळा रंग त्यानं पायऱ्यांच्या कडांना फासला. डबा रिकामा झाला.

"आन् माझी पाटी?" मी चिडून विचारलं.

"ती काय पडती व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीनं खांदा पुढं केला. आई तोवर अंगणात पोचली होती.