पाच शेजारी, एकच जबाब

नोकरीत तपासलेले बरेच गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेलेत. हा एक मात्र तसाच्या तसा आठवतो, आणि आठवला की अजूनही मान खाली जाते.

आमच्या शहराच्या पूर्वेकडं, कारखान्यांच्या मागं, घरमालकांनी पत्र्याच्या खोल्या काढून कामगारांना भाड्यानं दिल्यात. त्या भागातल्या ठाण्यात मी निरीक्षक होतो. एका गुरुवारी सकाळी दवाखान्यातून खबर आली: विवाहित स्त्री, वय सव्वीस, डोक्याला गंभीर मार, बेशुद्ध. आदल्या सकाळी नवऱ्यानं दाखल केलेलं. पाणी भरताना टाकीच्या जिन्यावरून पडली, असं त्यानं सांगितलं होतं.

हवालदार जाऊन जबाब घेऊन आला. एका ओळीत सहा खोल्या, म्हणून पाच शेजारी. पाचही जणांनी सांगितलं होतं, ‘नळाला पाणी आलं होतं, जिना ओला होता, तिचा पाय घसरला.’

“साहेब, सरळ अपघात आहे,” हवालदार म्हणाला.

मला तेच खटकलं. खरं सांगणारी पाच माणसं पाच तऱ्हांनी सांगतात. एक आधी आवाज सांगतो, दुसरा रक्त सांगतो, तिसरा स्वतः त्या वेळी काय करत होता तेच सांगत बसतो. इथं पाचही जबाबांत शब्दांचा क्रमसुद्धा बदलला नव्हता.

दुपारी ठाण्यातला फोन वाजला. बाईचा आवाज होता, दबलेला. “साहेब, ती पडली नाय. बुधवारी नळाला पाणीच नव्हतं.” नाव विचारेपर्यंत फोन बंद झाला.

आमच्याकडं नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं. पाण्याचा वार माणूस विसरत नाही. त्या भागाचे व्हॉल्व्ह सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला बोलावून घेतलं. त्यानं वही उघडून दाखवली. “त्या लायनीला सोमवारी सोडलं व्हतं साहेब. बुधवारी थेंब नाय.”

पंचांना घेऊन खोलीत गेलो. फरशी घासून धुतलेली होती. स्वयंपाकाच्या ओट्याच्या कडेला, दगडाच्या फटीत रक्त वाळलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, डोकं एकदाच नाही, अनेकदा आपटलेलं आहे.

नवरा तिशीचा, चिकलठाण्याला एका कंपनीत कंत्राटी कामावर. चौकशीत मी आवाज चढवला नाही. पाण्याची वही त्याच्यापुढं ठेवली आणि थांबलो. त्यानं वहीत बुधवार शोधला. मग मी वेगळंच विचारलं, “याआधी कुठं राहत होतास?”

“जुन्या शहरात. तीन वर्सं.”

“तिथंही मारायचास?”

“तिथं लोक लई नाक खुपसायचे साहेब. जरा आवाज झाला की दारात हजर. इथं तसं नाय. इथं कुणी कुणाला इचारत नाय.”

खोलीच्या सोयी सांगाव्यात, खिडकी आहे, रस्ता जवळ आहे, अशा सुरात तो हे बोलला. मग बाकीचं सांगितलं. पहिल्या पाळीला निघायच्या वेळी डबा तयार नव्हता, एवढंच कारण.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या जुन्या गल्लीत गेलो. चिंचोळी गल्ली, घराला घर लागलेलं. समोरच्या घरातली म्हातारी खाला त्याच्या बायकोचं नाव काढताच रडायला लागली. “साब, हात तो इधर भी उठाता था. पन दुसरी बार उठने के पहले हम चार-पाच औरतां दरवाजे पे. मैं बोली थी उसको, बेटी को लेके मत जा. हमसेच तंग आके गया वो.” मग डोळे पुसून तिनं विचारलं, “उधर बाजू में कोई नई था क्या, साब?”

मी तिथून उठून निघालो. त्याचं कारण निव्वळ ते पाच शेजारी नव्हते.

या घटनेच्या तीन महिने आधी ती मार खाणारी बायको स्वतःच माझ्या ठाण्यात आली होती. वैजापूरकडच्या एका खेड्यातली, हळू बोलणारी. डोळा सुजलेला. आम्ही अदखलपात्र नोंद घेतली. नवऱ्याला बोलावून मी दम भरला, पुन्हा मारणार नाही असं लिहून घेतलं, आणि तिला म्हणालो, “संसारात भांड्याला भांडं लागतंच.” जाताना ती म्हणाली होती, “साहेब, एकदा कुणा शिपायाला आमच्या वळीत पाठवा. लोकायला नुसतं दिसू द्या.” मी हो म्हणालो. सणाचा बंदोबस्त होता, माणसं कमी होती. कुणालाच पाठवलं नाही.

घटनेच्या चौथ्या दिवशी, शुद्धीवर न येताच, ती गेली. खुनाचं कलम वाढवलं.

शेजाऱ्यांना पढवणारा घरमालक निघाला. ‘दारात पोलीस आला तर खोली खाली करायची,’ हा त्याचा नियम. पाचही कुटुंबं बाहेरगावची, दर अकरा महिन्यांनी करार. त्याच्यावरही कारवाई केली, तेव्हा पाचही जणांनी खरं सांगितलं, पण भीती राहिलीच. खटल्यात चार साक्षीदार फितूर झाले. फोन करणारी बाई भिंतीपलीकडच्या खोलीतलीच निघाली; ती तेवढी साक्षीला आली. तोवर तिची खोली गेली होती.

आरोपीच्या वकिलानं तिला घेरलं. “सगळं ऐकू येत होतं म्हणता, मग दार का वाजवलं नाही?”

ती पदराचं टोक मुठीत धरून उभी होती. “वाजवलं असतं तर उघडायला त्योच आला असता. माझ्या मागं कोण व्हतं, साहेब?”

“एवढंच,” म्हणून वकील खाली बसला. मी मागच्या बाकावर होतो, मला वर बघवलं नाही.

त्याला जन्मठेप झाली. गुन्हा त्याचाच, त्यात मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. पण त्याच माणसाचा हात एका गल्लीत अडत होता आणि दुसऱ्या ओळीत अडला नाही, हे मी नोकरीच्या शेवटी शेवटी शिकलो. त्यानंतर मार खाऊन बाई ठाण्यात आली की मी आधी विचारायचो, बाजूला कोण राहतं? आणि दुसऱ्या दिवशी महिला शिपाई गणवेशात त्या वस्तीतून चालत जायची, दारोदार थांबायची.

किती जणींना त्याचा उपयोग झाला, सांगता येणार नाही. तिला पाहून काही दारं लागायची. काही ठिकाणी बाया उंबऱ्यावर येऊन उभ्या राहायच्या. एकमेकींकडं बघायच्या.