डावीकडची सीट

मोसंबी सोलली की सालीच्या वासासरशी मी थेट पडेगावच्या त्या शोरूममध्ये जाऊन उभा राहतो. कंपनीचं पत्र आलं होतं, की तुमच्या गाडीतली डावीकडची एअरबॅग सदोष आहे, ती फुकट बदलून देऊ, पण तोवर त्या सीटवर कोणाला बसवू नका. पत्र फडकावत मी असा गरजलो, की तिकडं देवगिरीवरची तोफ दचकून दोन पावलं मागं सरकली असेल. "ग्राहक मंचात खेचतो, भरपाई वसूल करतो, डझनभर वकील खिशात आहेत माझ्या," असं ठोकून दिलं. खिशात होती पाचोडच्या बाजारातली एक मोसंबी. काउंटरवरची पोरगी शांतपणे म्हणाली, "मंचात खुशाल जा काका, हक्कच आहे तुमचा. पण पार्ट यायला पंधरा दिवस लागतील. डावीकडं कोण बसतं?" "आमची मंडळी," मी म्हणालो. "मग काकूंना तोवर मागं बसवा." "लई हट्टी आहे ती, ऐकायची नाय." पोरगी हसली, "माझं नाव सांगा." बायको वारून तेव्हा वर्ष झालं होतं. बाजारातून येताना ती डावीकडं बसून मोसंबी सोलायची आणि गाडी चालवणाऱ्या माझ्या तोंडात फोड घालायची. शोरूममधून निघताना मी डावीकडच्या सीटवरची मोसंबीची पिशवी उचलून मागं ठेवली, आणि आरशात तिच्याकडं बघत गाडी बैलगाडीच्या चालीनं घरी आणली. आता एअरबॅग नवी आहे, तिथं हत्ती बसवला तरी धोका नाय. पिशवी पुन्हा पुढं आली आहे, आणि मोसंबी मी घरी येऊनच सोलतो.