अ‍ॅक्सिलरेटरखालचा ठोकळा

माणसाला टोपणनाव चिकटायला काही मोठं कर्तृत्व लागत नाही. आमच्या गल्लीतल्या फ्रेमवाल्यांना ते एका शब्दावर मिळालं. दूधवाला जिना उतरायला लागला की हे दारातून म्हणणार, "जपून." पोरं सायकलवर टांग टाकतात न टाकतात तोच, "जपून." समोरच्याने चहाचा कप ओठाला लावला तरी, "जपून, गरम आहे." असं करता करता त्यांचेच जपूनराव झाले आणि खरं नाव वीजबिलापुरतं उरलं.

त्यांच्या दुकानात लग्नाचा फोटो आहे, सागवानी चौकटीत, स्वतः बसवलेला. नवरी नवऱ्याकडे बघतेय आणि नवरदेव वर लटकणाऱ्या झुंबराकडे. पण हसणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की उभी हयात काच कापून या माणसाची सगळी बोटं शाबूत आहेत.

देवाने अशा माणसाला बायको कोणती द्यावी, तर नर्सबाई. आणि नोकरी कुठे, तर डोंगरावरच्या दवाखान्यात. वर जाणारा रस्ता एका गाडीपुरता, एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. त्या रस्त्यावर बाई रोज स्वतः गाडी हाकतात. गाडी त्यांच्या वडिलांची. बुटकी, पत्र्याच्या दोन दारांची, चारही चाकांना जोर देणारी. म्हातारी झाली तरी चिखलातून, दगडातून बकरीसारखी निघायची. फक्त तिचं इंजिन एवढंसं. चढावर ते असं रडायचं की वाटेतली माणसं बाजूला व्हायची ती भीतीने नाही, दयेने.

एक दिवस बाई घरी आल्या, हात धुतले आणि टॉवेल शोधता शोधता म्हणाल्या, "आज गाडी जरा मागे आली."

जपूनरावांच्या हातातली पोळी हातातच राहिली. "जरा म्हणजे?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गाडीत दोन माणसं आणि ऑक्सिजनचं नळकांडं होतं. सर्वांत अवघड वळणावर इंजिन बंद पडलं, गाडी उलटी घरंगळायला लागली आणि बाईंनी स्टिअरिंग फिरवून तिचं बूड कातळाला भिडवलं. नळकांड्यालाही पोचा आला नव्हता, हे त्यांनी दोनदा सांगितलं. जपूनराव त्या रात्री झोपले नाहीत. गाडी कातळाकडे न वळता दुसरीकडे वळते आहे, एवढंच त्यांना छतावर दिसत राहिलं.

उपाय काढला मेव्हण्याने. बाईंचा धाकटा भाऊ, गॅरेजवाला. हात सोन्याचे, पण तोंडाला ब्रेक नाही. एका मोठ्या अपघाती गाडीचं दणकट इंजिन त्याच्याकडे येऊन पडलं होतं. ते ताईच्या गाडीत बसवायचं त्याने ठरवलं, आणि ताईनेही एका दमात हो म्हटलं. बाबांची गाडी विकणं हा विषय घरात निघतच नसे.

दुकान बंद केलं की जपूनराव गॅरेजमध्ये जाऊन उभे राहायचे. जुनं इंजिन साखळीला लटकून वर आलं तेव्हा त्यांना त्याची कणव आली. शिलाई मशीनएवढं ते, इतकी वर्षं बायकोला वर नेत होतं. नवीन मात्र पोटापेक्षा घास मोठा. ते मावेना म्हणून रेडिएटर पुढे सरकवला, पुढची जाळी कापली, इंजिन आणि गिअरबॉक्स यांची भोकं जुळेनात म्हणून मध्ये जाड लोखंडी प्लेट बनवून घातली. पुढच्या स्प्रिंगा भाराने वाकल्या तेव्हा त्यांत एकेक पाटा वाढवला.

"त्या मोठ्या गाडीचं काय झालं होतं रे?" जपूनरावांनी विचारलं.

"मागून ठोकली होती, भाऊजी. पुढचं सगळं ठणठणीत."

"आणि चालवणारा?"

मेव्हणा खाली वाकून पाना शोधायला लागला. पाना त्याच्या खिशातच होता.

मग जपूनरावांनी खरा प्रश्न काढला. इंजिन मोठं झालं, ब्रेकचं काय? मेव्हणा म्हणाला, मोठे ब्रेक मागवलेत, येतील, तोवर जुने आहेतच. इतकी वर्षं त्यांनीच थांबवली ना गाडी? जपूनराव म्हणाले, हलकी गाडी थांबवली, ही जड झाली. त्यावर मेव्हणा हात पुसत हसला. "भाऊजी, इंजिन लागतं चढायला. उतरायला काय, गाडी आपसूक उतरते."

हेच तर. आपसूक उतरते, हे दोन शब्द जपूनरावांच्या डोक्यातून जाईनात. नाकापेक्षा मोती जड झाला होता आणि ते नाक रोज दरीवरून जाणार होतं. खरं तर त्यांनी घरी जाऊन ठणकावून सांगायला हवं होतं की ब्रेक आल्याशिवाय ही गाडी घाट चढणार नाही. पण ज्या तोंडातून चहाच्या कपालाही 'जपून' निघतं, त्या तोंडाने घाटाला वेगळं काय म्हणायचं? त्यांनी म्हटलंही. बाई डबा भरत होत्या. "हो हो, जपून," म्हणाल्या आणि झाकण लावलं.

तेव्हा जपूनरावांनी ते केलं, जे फक्त एखादा फ्रेमवाला नवराच करू शकतो. सागवानी पट्टीचा उरलेला एक ठोकळा घेतला, कडा घासून गोल केल्या, पायाखालच्या चटईसारखाच काळा रंग दिला. रविवारी गाडी पुसायच्या निमित्ताने आत वाकले आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या पायट्याखाली तो ठोकळा पत्र्याला दोन पितळी स्क्रूंनी घट्ट बसवला. आता पायटा अर्ध्यापर्यंतच दाबला जाणार होता. मोठं इंजिन राहिलं, पण त्याचा अर्धा माज उतरला. कुणाला सांगितलं नाही. गाडी पुसली मात्र अशी चकचकीत की बाईंनाच संशय यावा.

रोज संध्याकाळी ते सहज विचारल्यासारखं विचारायचे, "कशी चढते?" बाई म्हणायच्या, "बरी चढते." जपूनराव झोपायला लागले. चक्क घोरायलाही लागले. भिंतीला भिंत असलेल्या घरांना ही बातमी कुणी सांगावी लागत नाही.

आणि मग तो सकाळचा प्रकार घडला. बाई निघून गेल्या होत्या. जपूनराव गाडीच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाडू मारत होते, कारण सांडलेल्या तेलावरून कुणी घसरलं तर? झाडूपुढे काहीतरी किणकिणलं. त्यांनी उचललं. पितळी स्क्रू. आपल्या हातचं काम माणूस ओळखतो. पुढे कोपऱ्यात दुसरा.

ते तिथेच खाली बसले. दोन्ही स्क्रू बाहेर, म्हणजे ठोकळा मोकळा. गाडी वर जाताना तो मागे सीटखाली जाईल, काही बिघडणार नाही. पण येताना? उतारावर गाडीतली प्रत्येक सुटी वस्तू पुढे सरकते. पुढे काय आहे, तर पायटे. ठोकळा सरकत सरकत ब्रेकच्या पायट्याखाली जाऊन बसेल. कडा गोल केलेल्या, छान सरकेल. बाई ब्रेक दाबतील आणि पायटा खालीच जाणार नाही. सागवान आहे. मोडणारही नाही.

ते तसेच उठले. फोन लावला, तर वर घाटात फोनला रेंज कुठली? दवाखान्यात लावला, तिथला कर्मचारी म्हणाला की बाई एका पेशंटला घेऊन आत्ताच खाली निघाल्या, हाडाच्या डॉक्टरांना दाखवायला.

दुकान उघडं टाकून जपूनराव धावले. गल्लीने त्यांना धावताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. कुणीतरी सवयीने म्हणालं, "जपून, जपूनराव," आणि त्यांचा चेहरा बघून जीभ चावली.

गॅरेजमध्ये पोचल्यावर त्यांनी धापा टाकत सगळं सांगितलं. ठोकळा, स्क्रू, सगळं. त्यांना वाटलं होतं मेव्हणा हसेल. हसला असता तर बरं झालं असतं. मेव्हण्याने हातातली नळी खाली ठेवली, मोटरसायकलला किक मारली आणि मागच्या सीटकडे मान हलवली. या बडबड्या माणसाची ती गप्प मान पाहून जपूनरावांनी मागच्या सीटवर टांग टाकली.

जन्मात कधी मोटरसायकलवर न बसलेला माणूस मेव्हण्याच्या कमरेला मिठी मारून घाट चढत होता. कातळ कुठल्या बाजूला आणि दरी कुठल्या, हे कळू नये म्हणून त्यांनी डोळे मिटले होते. पण नाक कसं मिटणार? वरच्या वळणाच्या अलीकडे एक वास आला. जळक्या रबरासारखा, कडवट, घशाला चिकटणारा.

"हा कसला रे?"

"ब्रेक," मेव्हणा म्हणाला.

जपूनरावांनी डोळे उघडले. रस्त्यावर, दरीकडच्या कडेला, वरून घरंगळून आलेली ओली ताजी माती आणि खडी पडली होती. ती कडेवरून खाली दरीत सांडत होती. ती कुठून आली, ते वळणाआड. मेव्हण्याने वेग वाढवला नाही, कमी केला. त्यालाही ते वळण यायला नको होतं.

वळणापलीकडे गाडी उभी होती. नाक खाली, एक चाक कडेच्या दगडाला टेकलेलं. बॉनेटखालून नाही, चाकांतून धूर निघत होता. आत मागच्या सीटवर पायाला प्लास्टर घातलेले एक म्हातारेबुवा शांतपणे बसून होते. चालवायची जागा रिकामी. जपूनराव मोटरसायकल थांबायच्या आत उतरले.

"इकडे आहे मी," मागून आवाज आला. बाई कातळाला टेकून खाली बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून.  इतक्या वर्षांत ते हात असे रिकामे जपूनरावांनी पाहिले नव्हते.

झालं ते असं. जड झालेली गाडी उतरताना जुने ब्रेक तापले आणि पाय पोकळीत गेल्यासारखा खाली गेला. बाईंनी गाडी पहिल्या गिअरमध्ये घातली, हँडब्रेक ओढला, कडेच्या दगडाला चाक घासवलं आणि गाडी कशीबशी थांबली. मग उतरून चाकाखाली अडण लावली. जपूनरावांनी खाली पाहिलं. पुढच्या चाकाखाली काळा, कडा गोल केलेला सागवानी ठोकळा होता.

"हा इथे कसा?"

"पहिल्याच दिवशी काढला. गाडी मागे येऊ नये म्हणून इंजिन बदललं आणि तुम्ही पायट्याखाली लाकूड घातलंत. अर्ध्या जोरात त्या वळणावर पुन्हा मागे आले असते मी." बाईंचा आवाज चढला नव्हता. "तेव्हापासून चाकाखाली लावायला ठेवलाय. स्क्रू दाराच्या कप्प्यात होते, सकाळी कप्पा झटकला."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तो तिथे आहे असं वाटून तुम्ही झोपायला लागलात. म्हटलं, झोपू दे."

जपूनराव तिच्या शेजारी खाली बसले. त्यांच्या त्या एका ठोकळ्याने तिला मारलंही असतं आणि त्याच ठोकळ्यावर आता गाडी टेकली होती. ते म्हणाले, "ब्रेकचं मी स्पष्ट बोलायला हवं होतं. ठोकळा ठोकण्यापेक्षा."

"मीही बोलायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "काय वाटतं तुम्हाला, मला भीती वाटत नाही? रोज या वळणावर वाटते. पण घरी येऊन सांगायची कुणाला? आपल्या घरात भीतीची सगळी जागा तुम्ही अडवून ठेवलीय. मला कोपरासुद्धा नाही."

मेव्हणा चाकापाशी उगाच वाकून बसला होता. त्याचे कान लाल झाले होते. बाईंनी त्याच्याकडे बघितलं तेवढ्यात तो म्हणाला, "ताई, ब्रेक लागेपर्यंत गाडी माझ्याकडे. किल्लीसुद्धा."

आतून म्हातारेबुवा म्हणाले, "संसाराचं झालं असेल तर माझ्या पायाचं बघा. दुसरा मोडायच्या आत."

ब्रेक थंड झाले, पण त्यांच्यावर आता कुणाचाच भरवसा नव्हता. मेव्हणा समोरून येणाऱ्यांना थांबवायला मोटरसायकल घेऊन पुढे गेला. बाईंनी गाडी सर्वांत हळू गिअरमध्ये घातली. जपूनराव आत बसले नाहीत. ते दरीकडच्या बाजूने, पुढच्या चाकाच्या अगदी जवळून, दोन्ही हातांत ठोकळा धरून चालत निघाले. गाडी जरा निसटतेय असं वाटलं की पटकन वाकून चाकापुढे टाकायचा, एवढंच काम. उजव्या खांद्यापलीकडे काहीच नव्हतं. खाली बघायचं नाही असं ठरवूनही ते बघत होते, घामाने ठोकळ्याचा काळा रंग तळव्यांना लागला होता.

मोठं इंजिन गुरगुरत होतं. एका वळणावर चाकाखालून खडी सरकली, दरीत गेली आणि तिचा पडल्याचा आवाज यायला फार वेळ लागला. जपूनराव थबकले. खिडकीतून बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. बाईंचा चेहरा पांढराफटक होता आणि या वेळी तो त्यांनी लपवला नाही.

"जपून," बाई म्हणाल्या.

"तू पण," जपूनराव म्हणाले, आणि चाकाच्या बरोबरीने पुढचं पाऊल टाकलं.