फॅक्टरी लीगचं पान

आयर्लंडमधल्या शॅननला आले त्याच वर्षी मी इथल्या बेसबॉल क्लबात जाऊ लागले. खेळायला नाही, स्कोअर लिहायला. मी मूळची जळगावची, विद्यापीठाच्या सॉफ्टबॉल संघात पिचर होते. गुडघा दुखावला आणि खेळ सुटला, पण स्कोअरशीट भरण्याची आवड काही सुटली नाही. इथे मी वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर आहे. आठवडाभर दुसऱ्यांच्या नोंदी तपासते आणि रविवारी मैदानाच्या कडेला, मांडीवर फळी घेऊन, स्वतः नोंदी करते. नवऱ्याला याची फार गंमत वाटते.

मध्यंतरी क्लबाने आपलं रेकॉर्ड बुक छापायचं ठरवलं आणि ते काम माझ्याकडे आलं. क्लब राष्ट्रीय लीगमध्ये दाखल झाला तेव्हापासूनचे आकडे संगणकात होतेच. बॅटिंगच्या सरासरीत पहिलं नाव आमच्या अध्यक्षांचं होतं. आता त्यांनी साठी ओलांडली होती, पण ते पहिलं नाव त्यांना मनापासून प्रिय होतं.

एका मॅचला मी चहा घ्यायला गेले. चहाचं टेबल सांभाळणाऱ्या बाई सत्तरीच्या पुढच्या, कारखान्यातून कधीच निवृत्त झालेल्या. कप पुढे करत त्यांनी विचारलं, "पुस्तकात फॅक्टरी लीग घेतेस ना?"

"कुठली फॅक्टरी लीग?" मी म्हटलं.

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "मॅच संपली की घरी चल."

त्यांच्या स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, ताटल्यांच्या मागे कागदांचा गठ्ठा होता. त्यांच्या तरुणपणी इथल्या औद्योगिक वसाहतीतले कारखाने आपसांत बेसबॉल खेळत. एका अमेरिकन मॅनेजरने सामान आणलं होतं. संघाला लागणारे नऊ पुरुष जमायचे नाहीत म्हणून बाया-पुरुष एकत्रच खेळत. बाई असेंब्ली लाइनवर कामाला, आणि संघाच्या पहिल्या बॅटर. पुढे ती लीग बंद पडली आणि तिच्यातूनच काही वर्षांनी हा क्लब उभा राहिला.

पुढचे कितीतरी दिवस मी ते कागद वाचत होते. एकाच मॅचची दोन्ही कारखान्यांनी लिहिलेली शीट्स शेजारी ठेवून ताडून पाहिली. तंतोतंत जुळत होती. सरासरी काढली, तर बाई अध्यक्षांच्या किंचित पुढे!

कमिटीत मी हे मांडलं तेव्हा अध्यक्षांची मान लाल झाली.

"ती गंमत होती गं," ते म्हणाले. "शिफ्ट संपल्यावरची. चार-दोन मॅचेस."

"आपल्या क्लबाच्या पहिल्या वर्षी लीगमध्ये किती संघ होते?" मी विचारलं.

"चार."

"फॅक्टरी लीगमध्ये सहा होते."

मग अध्यक्षच म्हणाले, की अमेरिकेत वर्णभेदामुळे कृष्णवर्णीय खेळाडूंना वेगळ्या लीगमध्ये खेळावं लागलं आणि त्यांचे आकडे मुख्य नोंदींत यायला किती काळ जावा लागला. ते सगळं त्यांनी वाचलेलं होतं. मी म्हटलं, "तिथे घोर अन्याय झाला होता. इथे कुणी कुणाला हाकललं नव्हतं, फक्त विसरलो. पण विसरलेलं तरी लिहायला काय हरकत आहे?"

मी नियम सुचवला. तक्ता एकच, प्रत्येक नावापुढे लीग कुठली ते लिहायचं. किमान किती वेळा बॅटिंग केली असावी, ही अट सगळ्यांना सारखी. ज्या मॅचचं शीट सापडत नाही तिथे शून्य न लिहिता 'नोंद नाही' असं लिहायचं.

"म्हणजे मी दुसरा," अध्यक्ष म्हणाले.

"हो."

त्यांनी हात सगळ्यांत शेवटी वर केला, पण केला.

छपाईआधी मी ती पानं बाईंना दाखवायला नेली. बोट फिरवत त्यांनी एकेक ओळ वाचली आणि एका मॅचपाशी थांबल्या. "ही काढ."

"का?"

"त्यांची बस बंद पडली होती. सहाच जण पोचले. आम्ही आमचे तीन दिले आणि बॉल टाकायला उभा कोण, तर त्या तिघांतलाच, कॅन्टीनचा आचारी. चार हिट मारले मी. कुणीही मारले असते."

"पण शीटवर दोन्ही कॅप्टनच्या सह्या आहेत."

"असू देत. मला माहीत आहे ना."

मी त्यांना सांगितलं, की ही मॅच धरली नाही तर त्या दुसऱ्या येतील. त्यांनी चष्मा काढून पुसला. "ग्रँड," त्या म्हणाल्या, म्हणजे इथल्या बोलीत 'ठीक आहे'. "दुसरी तर दुसरी. पण खरी."

मला अभिमानाने भरून आलं. पण आमच्या कारखान्यात नोंद कधी पुसून टाकत नाहीत. चुकीच्या आकड्यावर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला कारण आणि सही. तसंच केलं. ती मॅच यादीत ठेवली, सरासरीत धरली नाही, आणि खाली बाईंचं कारण त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या सहीनिशी घातलं.

अध्यक्षांनी ते वाचलं आणि थेट चहाच्या टेबलाशी गेले. मी तिथेच होते.

"ती मॅच परत धरूया," ते म्हणाले. "असं पहिलं येणं मला नको."

"तू होतास तिथे?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग गप्प बस आणि चहा घे."

त्यांनी चहा घेतला. पुस्तक तसंच निघालं.

त्यानंतर गावातून लोक विचारत यायला लागले. कुणाची आई त्या लीगमध्ये खेळलेली, कुणाची मावशी. एक दिवस कामाला जाताना मी बसमध्ये चढले, तर ड्रायव्हरने मला ओळखलं. दाराशी उभं करून त्याने फोनमध्ये त्या पानाचा फोटो दाखवला आणि एका ओळीवर अंगठा ठेवला. "ही माझी मम, माझी आई," तो म्हणाला. "पूर्ण सीझनमध्ये एकच हिट." मागे लोक खोळंबले होते, तरी तो फोन ठेवेना.