आवासा: नकार पक्का करायला केलेला प्रवास

सुषमाला इथिओपियातल्या आवासाच्या हॉस्पिटलात वर्षभर शिकवायला बोलावणं आलं, तेव्हा मी आधी नकाशा काढला आणि मग आक्षेप. सुषमा माझी बायको, नॉटिंगहॅमला डॉक्टर. मी इलेक्ट्रिशियन. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, पण भूगोल लायब्ररीत बसून स्वतः शिकलोय आणि डिग्रीवाल्यांना अधूनमधून शिकवतोही.

"अहो, उत्तर द्यायच्या आधी आठवडाभर जाऊन बघू तरी," ती म्हणाली. मी नकार पक्का करायला निघालो.

अदिस अबाबाहून मिनीबसनं दक्षिणेला साधारण पावणेतीनशे किलोमीटर. रस्ता डांबरी. पाच तास सांगतात, साडेसहा धरा. हॉर्न आपल्यासाठी नसतो असं तिथल्या गाढवांचं ठाम मत आहे. गावात रिक्षा आहेत, थेट पुण्याकडच्या, आणि भाडं आधी ठरवावं लागतं, म्हणजे स्वभावही तिकडचाच.

आवासाचं तळं ही भूगोलाची गंमत. बाहेर पडणारी नदी दिसत नाही, तरी पाणी गोडं. कारणं मी सुषमाला सविस्तर सांगितली. ती मासळीबाजारातले मॅराबू करकोचे बघत होती: टक्कल, खाली मान, पाठीवर हात बांधल्यासारखे पंख.

"आमचा वॉर्ड राउंड," ती म्हणाली.

माझा हुकमी एक्का होता बुधवार. तिथले ख्रिश्चन बुधवारी-शुक्रवारी उपवास करतात, हे मी वाचून ठेवलं होतं. सुषमा कट्टर शाकाहारी. त्या दिवशी तिला फार तर केळं मिळेल आणि प्रश्न आपोआप मिटेल. म्हणून दुपारी मीच तिला तळ्याकाठच्या हॉटेलात नेलं आणि वेट्रेसला वहीतला शब्द वाचून दाखवला: "त्सोम." उपवास.

तिनं परातीएवढं ताट आणलं. इंजेरा, म्हणजे अवाढव्य आंबट आंबोळी. तिच्यावर मसूर, पिठल्याचा सख्खा भाऊ, कोबी, बीट, पालेभाजी. मी ढीग मोजले, नऊ. तिथल्या उपवासाला मांस, दूध, अंडी वर्ज्य. बाकी पोटभर जेवा. पुस्तकात हे पुढच्या पानावर असणार.

"हा उपवास?" सुषमा हसत सुटली. "मग मी इथे रोज धरीन!"

"तुम्ही इंडियन?" वेट्रेसनं इंग्लिशमध्ये विचारलं. "आमचे गणिताचे सर इंडियन होते. छान शिकवायचे. फार मारायचे. मॅडम पण शिकवणार?"

"अजून ठरायचंय," मी म्हणालो.

"हो," सुषमा त्याच वेळी म्हणाली.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "माझी सोय झाली. तुम्ही नॉटिंगहॅमला वर्षभर एकटे काय खाल?"

मी तिला तळ्याची खोली सांगायला लागलो.

वेट्रेसनं सांगितलं: आमच्याकडे एकाच ताटातून जेवतात, आणि आपल्या माणसाला पहिला घास भरवतात. सुषमानं भलामोठा घास केला. शेवटचा आक्षेप माझ्या ओठांवरच होता. तो घासाबरोबर गिळला.

जाणार असाल तर बुधवारीच जेवा. ताट बारा बिरला, म्हणजे पाउंडसुद्धा पुरा नाही, आणि दोघांना पुरतं.

सप्टेंबरात सुषमा वर्षभरासाठी आवासाला गेली, मी घरीच राहिलो. कुकर मी शिकलो, इतर सगळ्यासारखा आपला आपणच. वरण आता बरं होतं. पहिला घास मात्र हातात धरून जरा वेळ बसतो, आणि मग आपला आपणच खातो.