माझी तन्वी आणि केतकीचा स्पीकर

हॉलच्या दाराला वरच्या बाजूला एक काच आहे. त्या काचेतून मी बघत होते आणि आत सीनियर केजीची माझी मुलं हत्ती झाली होती. कोपऱ्यातल्या स्पीकरवर संथ, जड ढोल वाजत होता. मुलं त्या ठोक्यावर पाय आपटत, सोंड हलवत चालली होती. मध्येच ढोल गेला आणि बासरी लागली. कुणी काही सांगितलं नाही, तरी हत्तींच्या चिमण्या झाल्या आणि सगळा हॉल टुणटुण उड्या मारायला लागला. मग बासरी थांबली आणि मुलं जागच्या जागी पुतळे. मधोमध केतकी उभी, ड्रेसच्या बाह्या वर सारलेल्या, हसत.

माझ्या पोटात दुखायला लागलं. उगाच मोठेपणा कशाला आणू? मला मत्सर वाटला. ती मुलं माझ्या तासाला कधी एवढी हसली नव्हती.

मी कामशेतच्या एका शाळेत संगीत शिकवते. लोणावळ्याहून लोकलनं खाली येते. प्रार्थना, स्वागतगीत, गॅदरिंगची गाणी, सगळं माझ्याकडेच. पण माझा जीव एकाच तासात, सीनियर केजीच्या श्रवणाच्या तासात. श्रवण म्हणजे मुलांना गायला लावायचं नाही, ऐकायला शिकवायचं. सूर वर गेला की हात वर, खाली आला की हात खाली. वाजणं थांबलं की आपणही थांबायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण पाच वर्षांच्या मुलाला हे जमायला महिने जातात. माझ्या तासाला मुलं हार्मोनियमसमोर मांडी घालून बसायची आणि बसल्या जागी डुलायची. मला तेच शिस्तीचं वाटायचं.

केतकी त्या वर्षी नवीन आली. पुण्याहून यायची, आठवड्यातून दोन दिवस. लहान मुलांना संगीत ऐकत हालचाल करायला शिकवायचा तिनं कोर्स केलेला. तिला तानपुरा धड लावता येत नाही हे मी पहिल्याच दिवशी बघून ठेवलं होतं. पण स्पीकर, रंगीत ओढण्या आणि दोन खुळखुळे एवढ्या सामानावर तिनं वर्ग जिंकला. गेटवर ती दिसली की पोरं "केतकी टीचर" ओरडत धावायची. मी दिसले की "गुड मॉर्निंग टीचर" म्हणून रांगेत उभी राहायची.

ऑगस्टमध्ये प्रिन्सिपल मॅडमनी मला बोलावलं.

"सुलभाताई, लहान वर्गांना दोन-दोन पद्धती नकोत. दिवाळीनंतर पालकांसमोर दोघींचा डेमो ठेवू. मग पुढच्या टाइमटेबलला केजी एकीकडेच देऊ."

"आणि दुसरीनं काय करायचं?"

"पाचवीच्या पुढचे वर्ग आहेत ना. शिवाय लायब्ररीत माणूस लागणारच आहे."

लायब्ररी हा शब्द ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या मुलीला पुण्यात शंभर शाळा मिळाल्या असत्या. मला ही मुलं हवी होती.

माझ्याकडे एक हुकमाचा एक्का होता. तन्वी. वडिवळ्याची मुलगी, शाळेच्या व्हॅननं यायची. घरची भातशेती. कमी बोलायची, आणि बोलली तरी अर्धे शब्द तोंडातच राहायचे. आम्ही सगळ्या शिक्षिकांनी ठरवून टाकलं होतं की पोर लाजाळू आहे आणि बोली गावाकडची आहे. पण माझ्या तासाला ती वेगळीच असायची. सगळ्यात पुढे, हार्मोनियमला खेटून बसायची, एक हात पेटीच्या लाकडावर. मी थांबले की तीही थांबायची, त्याच क्षणी. बाकीची पोरं थोडी पुढेमागे व्हायची, तन्वी कधीच नाही. शाळेत पाहुणे आले की मी तिला पुढे करायची. "हिचा कान बघा," म्हणायची.

आणि हीच तन्वी केतकीच्या तासाला शून्य! हत्तीच्या चिमण्या झाल्या तरी ही आपली हत्तीच. मग इकडेतिकडे बघून उडी मारायची. डोळे मिटून चालायच्या खेळात तर संगीत थांबल्यावरही चालत राहिली आणि भिंतीला जाऊन धडकली. हे मला कळलं तेव्हा मी मनातल्या मनात पेढे वाटले.

स्टाफरूममध्ये केतकी माझ्या शेजारी येऊन बसली.

"सुलभाताई, तन्वीबद्दल विचारायचं होतं. तिचे कान कधी तपासलेत का?"

"कुणाचे?"

"तन्वीचे. मला वाटतं तिला नीट—"

"केतकी, या वर्गात सगळ्यात तयार कान तिचा आहे. माझ्या तासाला येऊन बघ. तुझ्या त्या धांगडधिंग्यात तिला गोडी वाटत नसेल, तर तो तिचा दोष नाही."

ती लाल झाली. "तसंही असेल," म्हणाली आणि डबा उघडला. मी त्या दिवशी चहा दोनदा घेतला.

डेमो नोव्हेंबरअखेर झाला. भातकापणी उरकली होती, झोडणी चालू होती, तरी पालक बऱ्यापैकी आले. तन्वीचे आजोबा, त्यांना सगळे आबा म्हणतात, पहिल्या रांगेत टोपी नीट करून बसले होते. बेडसे गावाकडचे दोनतीन पालक बाजूला उभे होते.

आधी केतकी. हत्ती, चिमण्या, ओढण्या वाऱ्यावर, सगळं. शेवटी मुलं डोळे मिटून चालली आणि संगीत थांबल्यावर थांबली. तन्वीला तिनं हळूच बाजूला घेऊन हातात खुळखुळा दिला होता. टाळ्या पडल्या, चांगल्या दणदणीत. एका आईनं तर शिट्टी मारली. मॅडम मान डोलावत होत्या.

मग माझी पाळी. ठरल्याप्रमाणे मुलं माझ्यासमोर बसली, तन्वी सगळ्यात पुढे, पेटीला खेटून. सूर वर, हात वर. सूर खाली, हात खाली. सगळं व्यवस्थित झालं आणि टाळ्याही व्यवस्थितच पडल्या. म्हणजे पाहुण्यांच्या भाषणाला पडतात तेवढ्या. मला ते सहन होईना. तिची मुलं डोळे मिटून करतात काय! मी माईक उचलला आणि तालमीत नसलेलं बोलले.

"आता माझी मुलं माझ्याकडे पाठ करून बसतील. मी दिसणार नाही. नुसत्या कानांनी ओळखतील."

मुलं वळली आणि दोन पावलं पुढे सरकून पालकांकडे तोंड करून बसली. तन्वीही त्यांच्याबरोबर वळली आणि नेहमीच्या सवयीनं सगळ्यांच्या पुढे जाऊन बसली. मी वाजवायला लागले, मुलं डुलायला लागली. चांगलं लांबवलं आणि मग थांबले.

सगळी मुलं थांबली. एकदोघं अडखळली, पण थांबली.

तन्वी डुलत होती.

हॉल गप्प होता आणि ती एकटी डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. पालकांत हशा पिकला. मी तिच्यावर चिडले. आजच हा दिवस सापडला होता का हिला? मी पुन्हा वाजवलं, पुन्हा थांबले. ती तशीच डुलत राहिली. मी हाक मारली, "तन्वी." मग जरा मोठ्यानं, "तन्वी!"

समोरून आबाच बोलले, "लय हट्टी हाय बाई ती. घरीबी तसंच. हाका मारून घसा बसतो, पन वळून बगत न्हाई."

लोक आणखी हसले. मग तन्वीला काहीतरी वेगळं वाटलं असावं. तिनं मान वळवून मागे पाहिलं, माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या डाव्या हाताकडे. हार्मोनियमला मागे भाता असतो. डाव्या हातानं तो हलवत राहावा लागतो, तेव्हा आत हवा जाते आणि सूर निघतो. हात थांबला की सूर बंद. माझा हात भात्यावर पडून होता. तो पाहिला मात्र, तन्वी जागच्या जागी थांबली, अगदी नेहमीसारखी. आणि शाबासकीसाठी माझ्याकडे बघून हसली.

मला सगळं एकदम कळलं. ती मला कधी ऐकतच नव्हती. भाता बघत होती, आणि लाकडावरच्या हाताला जे जाणवेल ते घेत होती. हिचा कान बघा, असं मी साऱ्या पाहुण्यांना सांगत फिरले होते.

मॅडम कुजबुजल्या, "असू दे, लहान आहे. पुढचं गाणं घ्या."

घेता आलं असतं. पोर हट्टी आहे असं तिच्या घरचंच माणूस म्हणत होतं, हसून सगळे विसरले असते. माझा डेमो वाचला असता. खुळखुळे गोळा करणारी केतकी थबकून माझ्याकडे बघत होती. तिचं बरोबर होतं आणि ते आता मला माझ्या तोंडानं सांगायचं होतं. एवढा राग मला आयुष्यात कुणाचा आला नसेल.

मी पेटी बंद केली, उठले आणि आबांजवळ जाऊन खाली बसले.

"आबा, ती हट्टी नाही. तिला ऐकू येत नाहीये."

"आँ? म्हंजी, बहिरी हाय?"

"कमी येतं. किती कमी ते डॉक्टर सांगतील. कानाच्या डॉक्टरांकडे न्या, वेळ लावू नका."

आबांनी टोपी काढली आणि हातात फिरवली. मग म्हणाले, "आमी उगाच मारलं की वो तिला."



तळेगावच्या दवाखान्यात तपासणी झाली. दोन्ही कानांनी बरंच कमी ऐकू येत होतं, बहुधा जन्मापासून. मॅडमनी चार ठिकाणी फोन केले, आबांनी धावपळ केली आणि तन्वीला मशीन मिळाली, दोन्ही कानांना. केतकी मला एकदाही "मी म्हटलं होतं" असं म्हणाली नाही. उलट स्टाफ मीटिंगमध्ये सगळ्यांना सांगितलं, "सुलभाताईंच्या लक्षात आलं." तिनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. निदान भांडता आलं असतं.

मशीन लावून तन्वी शाळेत आली तेव्हा मी तिला मुद्दाम संगीताच्या खोलीत बोलावलं. मनात काय काय होतं. तिनं माझी पेटी पहिल्यांदा खरी ऐकावी, आणि केतकीच्या आधी ऐकावी. मी एक सूर धरला. तिनं दोन्ही हात कानांवर ठेवले.

"टीचर, लय मोट्टं वाजतं."

मी भाता हळू केला. तिनं थोडं ऐकलं, दाराकडे पाहिलं. हॉलमध्ये ढोल लागला होता. आता तो तिला खोलीतूनही ऐकू येत होता. "जाऊ?" तिनं विचारलं आणि मी हो म्हणायच्या आत गेलीसुद्धा. मला आनंद झाला, आणि त्याच क्षणी जळफळाटही झाला. दोन्ही एकदम होतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

केजी केतकीला गेलं. ते योग्यच होतं, असं मी मॅडमना म्हणाले. मनातून म्हणाले नाही. पण जाता जाता एक मागणी केली.

"दर जूनमध्ये मला केजीच्या प्रत्येक वर्गाला एक पिरियड द्या. केतकीच्या पहिल्या तासाआधी."

तो पिरियड आजही चालू आहे. पेटी न्यायची नाही, स्पीकर नाही. एकेक मूल माझ्याकडे पाठ करून बसतं. मी हळू आवाजात नाव घेते, मग आणखी हळू. ऐकू आलं की हात वर करायचा. हात वर आला नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं आणि तरीही आला नाही तर पालकांना बोलवायचं. बऱ्याचदा नुसता मळ निघतो किंवा सर्दीनं कानांना दडे बसलेले असतात. तरी बघायचंच. मुलाला संगीत शिकवणाऱ्या कुणालाही मी हेच सांगते की मूल ऐकतंय की नुसतं बघून करतंय, हे आधी तपासा आणि ते तपासताना आपले हात झाका.

यंदा प्रवेश जास्त झाले. केतकी दारात येऊन उभी राहिली.

"ताई, खूप मुलं आहेत. अर्धी मी घेऊ का?"

"नको," मी म्हटलं. "आज ती माझी आहेत."