माहेरचं लुगडं आणि पंचवीस क्विंटलची गाडी

गाडीच्या चार्जिंगचं बटन उकंडरावांनी स्वतःच्या हातानं बंद केलं. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही कोणाला विचारलं नव्हतं. विचारून बटन बंद करण्याची सवय त्यांना जन्मातच नव्हती.

सोनाळ्यात उकंडराव त्याच कामासाठी प्रसिद्ध. लग्नाला गेले की मांडवात रिकाम्या खुर्च्यांना वारा घालणारा पंखा हुडकून काढत आणि बंद करत. एकदा ग्रामपंचायतीत सभा चालू असताना त्यांनी दिवे मालवले, कारण त्यांच्या मते बोलायला उजेड लागत नाही. संत्र्याची बाग त्यांनी याच हातानं राखली आणि मुलाला, गणेशला, याच काटकसरीतून शिकवलं. गणेश पुण्यात मोठ्या हुद्द्यावर होता. तो नेमकं काय करतो ते उकंडरावांना सांगता येत नसे, पण हुद्दा मोठा आहे हे ते छाती काढून सांगत.

तर तो गणेश त्या मे महिन्यात नवी कोरी विजेची गाडी घेऊन आला. गाडी घरापेक्षा थोडीच लहान. ओसरीवर बसून त्यानं तिचे गुण सांगितले. पाच सेकंदांत शंभरचा वेग घेते आणि एकदा चार्ज केली की पाचशे किलोमीटर जाते. उकंडरावांचे चुलतभाऊ जानराव तंबाखू मळत ऐकत होते. सोनाळ्यात शंभरच्या वेगानं कोणाच्या घरी जायचं, एवढंच त्यांनी विचारलं. मग वजनाचा विषय निघाला. गाडी पंचवीस क्विंटलची आणि त्यात एकटी बॅटरीच सहा क्विंटलची, असं गणेशनं सांगितलं.

"म्हंजे रिकामी असली तरी भरलेलीच चालते," जानराव म्हणाले.

गाडी गोठ्याजवळ लावली, कारण मोठा प्लग तिथंच होता. जेवणं झाल्यावर उकंडराव बैलांना कडबा टाकायला गेले. वायरीला हात लावला तर ती कोमट लागली. चार्जरच्या डब्यातून घूं घूं आवाज येत होता. गाडी तर जागची हललीही नव्हती. बसून राहिलेल्या गाडीला काय खायला लागतं, असा विचार करून त्यांनी बटन दाबलं आणि समाधानानं झोपायला गेले.

सकाळी साखरखेर्ड्याहून फोन आला. उकंडरावांची बहीण शालूबाई गेली.

ती दोन महिन्यांपासून अंथरुणाला खिळलेली होती, त्यामुळे बातमीचा धक्का असा कोणाला बसला नाही. उकंडराव मात्र फोन कानाशी धरून तसेच बसून राहिले. तिकडून नवरा रंगराव नव्हे, त्यांचा पुतण्या बोलत होता. उन्हाळा आहे, मयत ठेवता येत नाही, दुपारी माती होईल, लुगडं घेऊन लवकर निघा, असं तो म्हणाला.

लुगड्याचं आमच्याकडे असं आहे. बाई सासरी कितीही वर्षं नांदली, नातवंडांत रमली, तरी शेवटचं लुगडं तिला माहेरचं लागतं. ते अंगावर पडल्याशिवाय तिला उचलत नाहीत. शालूबाईनं तर भावाला ते बजावून ठेवलं होतं. दरवर्षी अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो न्यायला गेला की ती म्हणे, भाऊबीजेला उशीर केलास तर चालेल, त्या दिवशी करू नको. आणि हसे. उकंडराव रागावत. असं अभद्र बोलायचं नाही म्हणत.

दुकानदाराला झोपेतून उठवून त्यांनी हिरवं नऊवारी घेतलं, कारण नवरा मागे ठेवून गेलेल्या बाईला हिरवंच लागतं. घरी आले तेव्हा गणेश गाडीत बसून पडद्याकडे बघत होता. रात्रभरात बॅटरी ऐंशीच्या पुढं जायला हवी होती, ती बेचाळीसवरच होती.

"रात्री लाईट गेली होती काय, आबा?"

उकंडरावांच्या तोंडात उत्तर आलं होतं. पण बाहेर पडलं ते दुसरंच. "गेली असंन," ते म्हणाले.

गणेशनं हिशेब केला. पाचशेचे बेचाळीस टक्के म्हणजे दोनशेच्या वर, आणि साखरखेर्डा दीडशेपेक्षा थोडं जास्त. पोचतो आरामात. जानराव, भावकीतल्या दोन म्हाताऱ्या, उकंडरावांच्या मांडीवर लुगड्याची पिशवी, आणि म्हाताऱ्यांना ऊन सोसत नाही म्हणून एसी जोरात. घाई असल्यामुळे गणेशनं गाडी पळवली. ती पळालीही अशी की मागच्या म्हाताऱ्यांनी एकमेकींचे हात धरले. आवाज नाही, धक्का नाही. रडायला निघालेल्या माणसांना इतक्या सुखात बसायची लाज वाटावी अशी गाडी.

शेगाव गेलं तेव्हा उकंडरावांच्या लक्षात आलं की रस्ता जितका सरतो त्यापेक्षा पडद्यावरचा आकडा जास्त सरतो आहे. त्यांना त्या पडद्यातलं दुसरं काही कळत नव्हतं, पण कमी होणारी गोष्ट त्यांना लगेच कळे. खामगावला एका हॉटेलच्या आवारात चार्जिंगचं यंत्र होतं. त्याच्यावर कोणीतरी टॉवेल वाळत घातला होता. रखवालदारानं सांगितलं की मशीन कालपासून बंद आहे, पण चहा मिळेल.

पाचशेचा आकडा कंपनीच्या घरचा असतो, असं गणेश आता सांगू लागला. तो काढतात तेव्हा ऊन नसतं, चढ नसतो, पाच माणसं नसतात. जानराव म्हणाले की मग ती गाडी कंपनीतच फिरवायला पाहिजे होती. कोणी हसलं नाही. खुद्द जानरावही नाही.

खामगावनंतर चढ लागला आणि पंचवीस क्विंटलांनी आपला हिशेब दाखवला. एक किलोमीटर वर गेलं की पडद्यावरचे दोन कमी होत. गणेशनं एसी बंद केला, काचा खाली केल्या, वेग सायकलच्या जवळ आणला. कांद्याचे ट्रक हॉर्न वाजवून पुढं जात होते. साखरखेर्ड्याहून फोन आला, कुठपर्यंत आलात.

"चिखलीत हावो," उकंडरावांनी सांगितलं. चिखली अजून फार दूर होती. आयुष्यात कोणाला संत्र्याचं वजन खोटं न सांगितलेला माणूस, त्या सकाळी त्याचं हे दुसरं खोटं होतं.

अमडापूरच्या पुढं एका चढावर गाडी गपकन शांत झाली. शांत ती पहिल्यापासूनच होती, आता हलेनाशी झाली. शेतातली चार माणसं धावत आली, त्यांनी खांदे लावले, पण चाकं जागच्या जागी धरलेली. एक ट्रॅक्टरवाला सोलाचा जाड दोर घेऊन ओढायला तयार झाला. गणेशनं त्याला अडवलं. चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर मोटार जळते, सपाट ट्रकवर चढवून न्यावी लागते, आणि तसा ट्रक संध्याकाळी येईल, असं कंपनीनं कळवलं होतं.

जानरावांचं तोंड सुटलं. एवढे पैसे देऊन दगड आणला, आत्या तुझी वाट पाहून राह्यली आणि तू काय पाहून राह्यला बे, असं ते भर रस्त्यात बोलले. गणेशनं मान खाली घातली. रात्री लाईट गेली नसती तर पोचलो असतो, एवढंच तो पुटपुटला. उकंडराव शेजारीच उभे होते. त्यांना बोलता आलं असतं. तेवढ्यात मागून एसटी आली, त्यांनी हात केला आणि पिशवी छातीशी धरून एकटेच चढले.

चिखलीहून पुढची काळीपिवळी जीप माणसं भरल्याशिवाय सुटेना. ड्रायव्हरला त्यांनी मयतीचं सांगितलं. त्यानं हळहळ केली आणि आणखी दोन सवाऱ्यांना हाक मारली. फोन वाजत राहिला. उकंडरावांनी तो उचलला नाही.

साखरखेर्ड्याच्या घरी ते पोचले तेव्हा अंगणात पाण्याचे ओघळ होते आणि बाया आंघोळी करून केस पुसत होत्या. पुरुष अजून मसणातून परतले नव्हते. ओट्याच्या टोकाला धम्मशीलाबाई बसल्या होत्या. त्या पलीकडच्या बौद्धवस्तीत राहत, अंगणवाडीत काम करत, आणि त्यांचंही माहेर सोनाळ्याचंच. उकंडराव बहिणीकडे आले की त्या कुंपणाशी येऊन गावाची खबर विचारत. उकंडराव "बरं हाय" म्हणत आणि आत जात. एवढीच ओळख, तीस वर्षांची.

"लई वाट पाह्यली, दादा," त्या म्हणाल्या. "मयत ठेवता ये ना. मंग लोकं म्हनाले, माहेरचं कोन हाय? म्या म्हनलं, मी हाय सोनाळ्याची."

आपल्या पेटीतलं लुगडं आणून त्यांनीच नेसवलं होतं. नेसवताना दोघाचौघांनी कुजबुज केली, तेव्हा सकाळपासून एक शब्द न बोललेले रंगराव बोलले. "तिच्या गावची लेक हाय. नेसवू द्या."

उकंडराव ओट्यावर बसले. त्यांनी पिशवी पुढं केली. "हे तू ठेव. तुह्यं लुगडं गेलं."

"हे शालूबाईच्या नावचं हाय. मी कशी नेसू?"

"मंग तुह्यं जे गेलं त्याचे पैसे—"

"त्याचे पैसे कसे घेऊ, दादा?" त्यांचा आवाज पहिल्यांदा हलला. "माह्या भावानं आनलं होतं. मराच्या आधीच्या दिवाळीले. घडी मोडली नोती म्या."

उकंडरावांनी डोळे पुसले. माझ्यामुळं, असं काहीतरी ते म्हणू लागले. धम्मशीलाबाईंना वाटलं, बहिणीसाठी रडतात. त्यांनी तांब्या भरून पाणी आणून दिलं. उकंडरावांनी ते त्यांच्या हातून घेतलं आणि प्यायलं.

"दिवाळीले येजा," ते निघाले तेव्हा त्या म्हणाल्या. "आना एखादं. भाऊ आनतो तसं."

हिरवं लुगडं उकंडरावांनी तिसऱ्या दिवशी राखेबरोबर नदीत सोडलं. गणेश पुण्याला गेला. गाडी चांगली आहे, पण आपल्याकडच्या रस्त्यांची नाही, असं तो फोनवर सांगतो. उकंडराव हूं म्हणतात. आता ते कुठल्या बटनाला हात लावत नाहीत. भर दुपारी ओसरीवरचा दिवा जळत असतो आणि गावाला वाटतं, म्हातारा बहिणीच्या दुःखानं खचला.

दिवाळीच्या आधी ते साडी घ्यायला शेगावला गेले होते. दुकानातल्या पोरानं गादीवर ढीग टाकला आणि विचारलं, कोणासाठी. बहिणीसाठी, ते म्हणाले. मग त्यानं विचारलं, सहावारी की नऊवारी, उंची कशी, वर्ण गोरा की सावळा, रंग कोणता आवडतो. उकंडराव आठवत राहिले. कुंपणापलीकडचा आवाज तेवढा आठवला. सहावारी की नऊवारी, तेही सांगता आलं नाही.

विचारून येतो, असं सांगून ते उठले. भाऊबीज झाली, पुढची अखाजीही होऊन गेली. साडी अजून घेतलेली नाही.